एवढा मोठा मुलगा, आणि गाडीत?

“एवढा मोठा मुलगा, आणि अजून गाडीत?” हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मी मराठीत ऐकला, हिंदीत ऐकला आणि इंग्रजीतही ऐकला. इंग्रजीत विचारणाऱ्या बाई बसस्टॉपवरच्या अनोळखी होत्या. त्यांना मी हसून ‘येस’ म्हटलं आणि सोडून दिलं. मराठीत विचारणारे मात्र घरचे आहेत, आणि घरच्यांना उत्तर द्यायचा मला हक्क आहे. फोनवर ते जमत नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पलीकडून “बरं ते जाऊ दे, तिकडे थंडी कशी आहे?” असं येतं. म्हणून इथे लिहिते आहे. सगळ्यांनी वाचावं, विशेषतः पुण्याच्या मंडळींनी. :)

ज्यांना आमच्या घरचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेक-जावई इंग्लंडात लीड्सला असतात. थोरला नातू सव्वादोन वर्षांचा, वजन सोळा किलो. धाकटी नात दीड महिन्याची, वजन साडेचार किलो. दोघांना नेता येईल अशी एक डबल बाबागाडी घ्यायची आहे. इथे तिला पुशचेअर म्हणतात, बग्गीही म्हणतात. नवीन घ्यायची तर किंमत दीडशे पौंडांच्या आसपास सुरू होते आणि हजाराच्या पुढे जाते, त्यामुळे दोन्हीकडच्या नातेवाइकांना त्यावर मत असणं अगदी स्वाभाविक आहे. तर मतं तीन आहेत. पहिलं, गाडी हवीच कशाला, चालेल की तो! दुसरं, आहे त्याच गाडीत धाकटीला झोपवा, मागे उभं राहायची फळी लावा आणि त्याला तिच्यावर उभा करा. तिसरं मत तरुण मंडळींचं – ती अमुक कंपनीची घ्या, तिचा बाळाचा पाळणा काय गोड दिसतो!

या तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. विचाराची सुरुवात धाकटीपासून होते आणि थोरल्याला उरलेल्या जागेत कोंबलं जातं. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. डबल गाडी थोरल्याकडे बघून निवडायची असते. धाकटीच्या मागण्या आजमितीला फारच माफक आहेत. पहिले काही महिने, मान धरून बसायला लागेपर्यंत, तिला पाठ सपाट टेकून आडवं झोपता आलं पाहिजे, पट्टे नीट हवेत आणि ढकलणाऱ्याला तिचा चेहरा दिसला पाहिजे. मोटारीतली सीट काढून गाडीवर चढवायची आणि त्यातच तासन्‌तास झोपवायचं, हे करायचं नाही. उन्हाचं म्हणून गाडीवर मलमलचं कापडही टाकायचं नाही, आत हवा खेळत नाही आणि फार लवकर तापते. झालं, धाकटीचा विषय संपला. ती सहा महिन्यांत सात किलोची होईल तेव्हा पुन्हा बघू.

थोरल्याचा विषय इतक्यात संपत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १२.२ किलो आहे आणि तीन वर्षांच्या मुलाचं १४.३. आमचे चिरंजीव सव्वादोन वर्षांचे असून सोळा किलो. म्हणजे बघणाऱ्याला तो साडेतीन-चार वर्षांचा वाटतो आणि बघणारा त्याच्याशी चार वर्षांच्या मुलासारखा वागायला लागतो. तो रस्त्यात बसला की हट्टी, रडला की लाडावलेला, गाडीत बसला की आळशी. बारा किलोच्या सव्वादोन वर्षांच्या मुलाने हेच केलं असतं तर “दमलं गं बाळ” म्हणाले असते. शाळेत मी हे तेहतीस वर्षं बघितलं आहे. वर्गातलं अंगाने थोराड पोर मागच्या बाकावर जायचं, फळा पुसायला त्यालाच बोलवायचे, मारामारी झाली तर आधी त्याचाच कान, आणि “एवढा घोडा झालास, कळत नाही?” हे वाक्यही त्याच्याच वाट्याला. वय त्याचं इतरांइतकंच. अंगाचं माप वाढलं म्हणून कुणाचं वय वाढत नाही, हे आपल्याला का कळू नये?

आता त्यात धाकटी आली. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉलवर पाच जणांनी त्याला सांगितलं, “अरे वा, आता तू मोठा झालास!” सकाळी तो लहान होता. दुपारी झोपून उठला तर मोठा. त्याच्या बाजूने बघा ना जरा. आई चार दिवस दिसली नाही, आली तर पोटाला हात लावू देत नाही, कुशीत एक लाल गोळा, आणि त्याची स्वतःची गाडी, जिच्यात तो जन्मापासून बसला, तीसुद्धा त्या गोळ्याला द्यायची आणि आपण मागे फळीवर उभं राहायचं. वरून त्याने आनंदाने टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा! संस्थानं खालसा झाली तेव्हा राजेमहाराजांना निदान तनखे तरी मिळाले होते.

चालेल की तो, असं म्हणणाऱ्यांना लीड्स दाखवायला हवं. पाळणाघर घरापासून पावणेदोन किलोमीटरवर आहे. त्यातला अर्धा रस्ता चढाचा, आणि पाऊस कधी येईल ते सांगता येत नाही. जाताना तो चालतोही, अर्धा रस्ता. प्रत्येक कुंपणाचा प्रत्येक गज मोजत, प्रत्येक गोगलगाईची विचारपूस करत. पण परत यायची वेळ दुपारी एकची, म्हणजे त्याच्या झोपेची. निम्म्या वाटेत तो झोपतो. जागं मूल उचलणं वेगळं आणि झोपलेलं सोळा किलोचं मूल उचलणं वेगळं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. माझ्या लेकीचं सिझेरियन झालं आहे. इथले डॉक्टर सांगतात, पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. बाळ साडेचार किलोचं आहे. सहा आठवडे संपले म्हणून सातव्या आठवड्याच्या सोमवारी पोटाला एकदम चौपट बळ येतं असं नाही. जावयांची पितृत्वाची रजा दोन आठवड्यांची होती, ती केव्हाच संपली. आणि मी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली बाई, मी गेल्यावर या घरात दिवसा मोठं माणूस एकच उरणार आहे. त्या एका माणसाच्या दोन हातांना काय झेपेल, एवढाच हिशोब आहे.

आता येते त्या वाक्याकडे, जे मला सगळ्यांत जास्त झोंबलं. “आम्ही नाही का कडेवर वाढवली पोरं? आमच्या वेळी कुठे होत्या गाड्या?”

नव्हत्या, खरं आहे. पण कडेवर म्हणजे कुणाच्या कडेवर? ज्यांनी हे वाक्य म्हटलं त्यांच्या घरात तेव्हा सासूबाई होत्या, दोन नणंदा होत्या, वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशींची दहा वर्षांची मुलगी होती. पोर दिवसभर या हातातून त्या हातात जायचं, आईकडे यायचं ते दूध प्यायला. तो एक मोठा, फुकटचा, बिनचाकांचा गाडा होता आणि ढकलणारे आठ जण होते. त्याबद्दल मला प्रेमच आहे, मीही त्यातच वाढले. पण आठ जणांनी मिळून केलेलं काम ‘आम्ही केलं’ म्हणून एकट्या बाईच्या तोंडावर फेकायचं, याला काय म्हणावं?

आणि त्या दहा वर्षांच्या मुलीचं काय? माझ्या वर्गात दर वर्षी दोन-तीन मुली अशा असायच्या की ज्यांच्या हजेरीच्या रकान्यात आईच्या बाळंतपणानंतर महिना महिना ‘गै’ लागायचा. काही जणी भावंडाला कडेवर घेऊनच वर्गात यायच्या. एका कमरेवर भाऊ आणि दुसऱ्या हातात पाटी. मुलगी स्वतः बावीस-तेवीस किलोची, कडेवरचं पोर दहा किलोचं. चालताना एका बाजूला कलंडलेली. चौथीच्या परीक्षेला त्यातली एखादीच दिसायची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काम करताना हेच पाहिलं. धाकटं सांभाळायचं म्हणून मोठी शाळेत येत नाही, तेव्हा धाकट्यालाही शाळेतच घ्या, हे त्यांचं उत्तर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफून त्यांनी ‘विकासवाडी’ उभी केली ती त्यातूनच. आपल्याच मातीतल्या दोन बायकांनी ओळखलं होतं की कडेवरचं पोर हे कुणाच्या तरी अंगावरचं ओझं असतं, आणि ते कुणाच्या अंगावर आहे हे विचारलं पाहिजे. आम्ही मात्र ‘कडेवर वाढवली’ असं अभिमानाने सांगतो आणि कडेची मालकीण कोण होती ते सांगत नाही.

या गाड्यांची थट्टा करणाऱ्या आजोबा मंडळींना एक गोष्ट सांगते. मिटवून छत्रीसारखी हातात धरता येते ती हलकी बाबागाडी काढली एका आजोबांनीच. ओवेन मॅक्लारेन त्यांचं नाव. विमानांचे अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलेलं. लेक मॉस्कोहून नातवंड घेऊन आली, बरोबर अवजड गाडी, ती प्रवासात वागवताना तिचे होणारे हाल यांनी पाहिले आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची मिटणारी गाडी तयार केली. १९६५ साली पेटंटसाठी अर्ज केला. “आमच्या वेळी आम्ही हातांनी उचलायचो” असं लेकीला ऐकवत बसले नाहीत. असो.

आता फळी. फळी वाईट नाही. साडेतीन-चार वर्षांच्या, न झोपणाऱ्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलाला उत्तम. आमच्या गृहस्थांना यातलं एकही विशेषण लागू नाही. फळीवर झोपता येत नाही, फळीला पट्टा नाही, आणि तो उतरून रस्त्याकडे पळाला तर त्याच्यामागे धावणार कोण, टाके असलेली आई? गाडी उतारावर सोडून? शिवाय अशा बऱ्याच फळ्यांची मर्यादा वीस किलोच्या आसपास असते. आमचा सोळावर आहे आणि भूक उत्तम आहे.

दुसरा एक पर्याय मिडवाइफ बाईंनी सुचवला, धाकटीला झोळीत अंगाशी बांधायचं आणि थोरल्याला त्याच्याच एकट्याच्या गाडीत बसवायचं. हा पर्याय मला पटला होता, आजही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आम्ही तसंच करतो. पण अंगावर बांधलेली साडेचार किलो, पुढे ढकलायचे सोळा किलो आणि चढ, हे रोजचं करायचं म्हटलं तर दोन महिन्यांत कंबर बोलायला लागेल.

तेव्हा डबल गाडीच. आणि इथे ते वजन पुन्हा आडवं येतं. युरोपात आणि इथेही बाबागाड्यांसाठी ‘ईएन १८८८’ नावाचं मानक आहे. त्याचा पहिला भाग पंधरा किलोपर्यंतच्या मुलांसाठी. त्यावरच्या, बावीस किलोपर्यंतच्या मुलांसाठी २०१८ साली दुसरा भाग निघाला. म्हणजे ज्या गाडीच्या माहितीपत्रकात ‘प्रत्येक सीट १५ किलो’ असं छापलंय ती आमच्यासाठी पहिल्याच दिवशी बाद. दुकानातल्या सुंदर पाळण्यांच्या गाड्यांपैकी निम्म्या इथेच गळल्या. तरुण मंडळींनी पाठवलेल्या फोटोंत चाकांचा रंग दिसतो, हा आकडा दिसत नाही. आणि नुसता ‘एकूण वजन’ हा आकडा बघूनही चालत नाही. पुढच्या आणि मागच्या सीटची मर्यादा पुष्कळदा वेगवेगळी असते.

डबल गाड्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या, पुढे-मागे बसायच्या आणि शेजारी-शेजारी बसायच्या. पुढे-मागेवाली दारातून सहज जाते म्हणून सगळे तिची शिफारस करतात. मी मराठीची शिक्षिका, पण आमच्या विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तास माझ्याकडे यायचा, त्यामुळे तरफ मी बरीच वर्षं शिकवली आहे. फुटपाथची कड चढायची तर मूठ खाली दाबून पुढची चाकं उचलावी लागतात. टेकू कुठे? मागच्या चाकांच्या आसाशी. दुकानात मी टेप लावून बघितलं. पुढची सीट आसापासून साठ सेंटिमीटर पुढे, मागची पंधरा, आणि मूठ आसाच्या चाळीस सेंटिमीटर मागे. सोळा किलोचा पुढे बसला आणि धाकटी मागे झोपली तर चाकं उचलायला मुठीवर सुमारे पंचवीस-सव्वीस किलोचा जोर हवा, गाडीचं स्वतःचं वजन वेगळंच. दोघांची अदलाबदल केली तर तोच जोर तेरा किलोवर येतो. मग करा की अदलाबदल! तेच तर होत नाही. अशा अनेक गाड्यांत पूर्ण आडवी होते ती मागची सीट, त्यामुळे तान्हं मागे आणि जड पोर पुढे, हे बनवणाऱ्यानेच ठरवून टाकलेलं. जुळ्यांना ते चालेल. सोळा आणि साडेचारला नाही चालत. जड मूल मागच्या आसाजवळ बसवणाऱ्या गाड्याही मिळतात, पण त्यांत तान्हं खाली, मोठ्याच्या सीटखालच्या कप्प्यात जातं. थोरल्याचे बूट आणि लीड्सचा चिखल लक्षात घेता ते आम्हाला मानवलं नाही.

शेजारी-शेजारीवालीत दोघंही आसापासून सारख्याच अंतरावर. गाडी जड बाजूला थोडी ओढते हे खरं, पण चाकं मोठी असतील आणि दांडा दोन्ही बाजूंना सलग असेल तर ते मनगटाला सांभाळता येतं. दोघांची पाठ वेगवेगळी आडवी होते, म्हणजे तोही झोपू शकतो. आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोघं एका पातळीवर असतात. तो वळून तिच्याकडे बघतो. परवा दुकानात बसवून बघितलं तर त्याने आधी तिचं नाक दाबलं, मग हातातलं चघळलेलं बिस्किट तिच्या पोटावर ठेवलं. मालकी वाटून घ्यायची त्याची ही पद्धत असावी. मधे आडवा कापडी पडदा असतो, त्याची गरज मला तेव्हाच पटली.

तिचा दोष रुंदी. पण रुंदी ही मोजायची गोष्ट आहे, घाबरायची नाही. या गाड्या ६३ सेंटिमीटरपासून पाऊण मीटरच्या पुढेपर्यंत मिळतात. लेकीचं घर जुनं, विटांचं, ओळीतलं. पुढच्या दाराची मोकळी जागा मी मोजली ती ७५. पाळणाघराचं फाटक ७१. म्हणजे ६९च्या वरची नको, संपलं.

बसचा प्रश्न खरा अवघड. बसमध्ये जी मोकळी जागा असते ती चाकाच्या खुर्चीसाठी असते, बाबागाडीसाठी नव्हे, आणि यावर मोठा खटला झाला तो नेमका याच भागातला. फेब्रुवारी २०१२मध्ये डग पॉली हे चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ वेदरबीहून लीड्सला येणाऱ्या बसमध्ये चढू लागले. त्या जागेत एक बाई झोपलेल्या बाळाची गाडी घेऊन होत्या. ड्रायव्हरने विनंती केली. गाडी मिटत नाही, असं त्या म्हणाल्या. पॉलींना बस सोडावी लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८ जानेवारी २०१७ला निकाल लागला, की नुसती विनंती करून ड्रायव्हरने गप्प बसणं पुरेसं नाही. निकाल योग्यच आहे. आमच्या नातवंडांना मांडी आहे, पॉलींना खुर्चीशिवाय दुसरी जागा नाही. पण याचा अर्थ असा की आमची गाडी केव्हाही मिटवावी लागू शकते, एका हातात तान्हं असताना. म्हणून मी दुकानात पाच किलोची पिठाची पिशवी घेऊन गेले, ती लेकीच्या कडेवर दिली आणि म्हटलं, आता मिटव. दुकानातला मुलगा चकित होऊन बघत होता. सात गाड्यांपैकी दोन मिटल्या. बाकी पाचांच्या जाहिरातीत ‘एका हाताने मिटते’ असंच लिहिलं होतं. ते हात बहुधा रिकाम्या माणसाचे असावेत.

आता तुम्हाला कळवायचं ते असं, की गाडी ठरली. शेजारी-शेजारीवाली, ६८ सेंटिमीटर रुंद, प्रत्येक सीटला वीस किलो, दोन्ही पाठी पूर्ण आडव्या. जुनी घेतोय, एकशे सत्तर पौंडांना. जावई ब्रेक आणि पट्टे तपासून आले. मी बिजागऱ्या बघितल्या, कारण २००९ साली अमेरिकेत मुलांची बोटं बिजागरीत सापडून तुटल्यामुळे सुमारे दहा लाख बाबागाड्यांना बिजागरीची आवरणं द्यावी लागली होती. जुनी वस्तू घेताना हे बघायलाच हवं. शनिवारी गाडी घरी येईल. डावी सीट थोरल्याची, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. का, ते विचारलं नाही.

विहीणबाई, आपण फळीसाठी पैसे पाठवते म्हणालात, मनापासून आभार. फळी नको. पाठवायचंच असेल तर पावसाचं आवरण पाठवा, दोन सीटचं. जुन्या गाडीबरोबरचं फाटलेलं आहे, आणि ते अख्खं हवं, म्हणजे दोघांच्याही पायापर्यंत येणारं.